180 रॉक सीड्या, माळा आणि हाय-रेझ फाइली: आधी काय करायचं, मग काय विकत घ्यायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भुसावळच्या घरी 1992 ते 2006 या काळात घेतलेल्या रॉकच्या 180 सीड्या आहेत, बहुतेक मुंबई-पुण्याच्या दुकानांतून आणलेल्या. त्या पत्र्याखालच्या माळ्यावर खोक्यांत पडून आहेत. प्लेअर बंद पडलाय, दहा-बारा डिस्क अडखळतात. आता सगळा लॉट कुणाला तरी देऊन टाकावा आणि तेच अल्बम 24 बिट, 96 किंवा 192 किलोहर्ट्झच्या, म्हणजे ‘हाय-रेझ’ (सीडीपेक्षा वरच्या आकड्यांच्या) फाइलींत पुन्हा विकत घ्यावेत असं मनात आहे. पैसे वसूल होतील का?

सगळे 180 अल्बम पुन्हा घेतलेत तर होणार नाहीत. निवडून पंधरा-वीस घेतलेत तर होतील, पण ते पंधरा-वीस कोणते हे फाइलीवरचा आकडा बघून ठरत नाही.

तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी एकमेकींत गुंतल्यात. डिस्क मरायला लागल्यात, ही पहिली. वाजवायला यंत्र नाही, ही दुसरी. आणि नव्या फाइलींचा आवाज जास्त चांगला असेल का, ही तिसरी. पहिल्या दोन गोष्टींना खरेदीची गरजच नाही. सीड्या नीट रिप केल्या, म्हणजे डिस्कवरचं संगीत कॉम्प्युटरवर फाइलींत उतरवलं, की दोन्ही सुटतात, आणि मिळणारी फाइल सीडीवर जे आहे त्याची बिटन् बिट जुळणारी प्रत असते. प्रश्न उरतो तिसऱ्याचा, आणि पैसे तिथेच वाया जातात.

सीडीत सेकंदाला आवाजाचे 44,100 नमुने, म्हणजे मोजमापं, असतात, प्रत्येक 16 बिटांचा. एवढ्यात 22 किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज पूर्ण मावतो. माणसाचा कान ऐन तारुण्यात 20 किलोहर्ट्झपर्यंत पोचतो, आणि 1992 साली सीड्या घेणाऱ्याचा कान आज तिथवर नक्कीच जात नाही. अगदी हळू आणि अगदी मोठा यांच्यात 16 बिटांत साधारण 96 डेसिबलचं अंतर मावतं. सत्तरच्या दशकातल्या रॉक अल्बमची मूळ टेपच 60 ते 70 डेसिबलच्या घरातली. म्हणजे सीडीचं भांडं तेव्हाही पुरून उरत होतं. आणि मे महिन्यात पारा 45 च्या पुढे गेल्यावर कूलर बंद करून गाणी ऐकणारा माणूस भुसावळात सापडायचा नाही. पत्र्याच्या बॉडीचा कूलर खोलीत साधारण 60 डेसिबलची घरघर करतो. गाणं 90 वर लावलं तरी हातात 30 डेसिबल उरतात. 24 बिटांचे 144 डेसिबल त्या खोलीत ठेवायचे कुठे?

हे माझं एकट्याचं मत नाही. 2007 साली मेयर आणि मोरान या संशोधकांनी हाय-रेझ आवाजाच्या वाटेत 16 बिट, 44.1 किलोहर्ट्झचा अडथळा गुपचूप घालून लोकांना फरक ओळखायला लावला. 554 पैकी 276 वेळा उत्तर बरोबर आलं, म्हणजे नाणेफेकच. त्या चाचणीवर आक्षेपही घेतले गेले, कारण वापरलेल्या काही डिस्कवरचं मूळ ध्वनिमुद्रण खरोखर हाय-रेझ होतं का याची शंका होती. 2016 मध्ये जोशुआ रीस या संशोधकांनी अशा अनेक चाचण्या एकत्र करून हिशेब मांडला, तेव्हा बरोबर उत्तरांचं प्रमाण 52 टक्क्यांच्या जरा वर निघालं, प्रशिक्षित कानांचं त्याहून बरं. तेव्हा फरक शून्य आहे असं मी म्हणत नाही. तो इतका बारीक आहे की त्यासाठी 180 अल्बमचे पैसे मोजू नयेत, एवढंच.

मग नवी फाइल कधीकधी लगेच वेगळी का वाटते? कारण ती बहुतेक वेळा वेगळं मास्टरिंग (अल्बम बाजारात जाण्याआधी आवाजावरचा शेवटचा हात) असते. तेच गाणं, तीच टेप, पण कुणीतरी पुन्हा बसून खर्ज-तार बदललेली, आवाजाची पातळी चढवलेली किंवा उतरवलेली. आपण बिटांना श्रेय देतो आणि काम केलेलं असतं मास्टरिंग करणाऱ्याने. भरीत बिघडलं असेल तर मोठ्या परातीत वाढून सुधारत नाही. वांगी तीच असली तरी काड्यांवर भाजणारा हात बदलला तर मात्र चव बदलते. परातीचे पैसे देऊ नका, हाताचे द्या.

साधारण 1995 पासून अल्बम जास्तीत जास्त मोठ्याने वाजावा म्हणून आवाजाचे चढउतार दाबून सपाट करायची चढाओढ लागली. तुमच्या सीड्या नेमक्या त्या काळाच्या दोन्ही बाजूंना पसरल्यात, म्हणून सरसकट उत्तर देता येत नाही. ऐंशीच्या दशकातल्या किंवा नव्वदीच्या सुरुवातीच्या मास्टरची सीडी असेल तर ती बहुधा मोकळी, चढउतार शाबूत असलेली असते. तिची आजची ‘रीमास्टर्ड’ हाय-रेझ फाइल कित्येकदा जास्त दाबलेली निघते. म्हणजे जास्त पैसे देऊन कमी मिळतं. उलट 1999 ते 2006 मधल्या सीड्या मुळातच ठोकून सपाट केलेल्या असण्याची शक्यता जास्त. तिथे नवं मास्टर आलं असेल तर फायदा होतो, पण जुनंच दाबलेलं मास्टर 24 बिटांच्या फाइलीत भरून विकत असतील तर सपाट ते सपाटच राहतं.

उदाहरणं देतो. मेटॅलिकाचा ‘डेथ मॅग्नेटिक’, 2008. सीडी इतकी दाबलेली होती की त्याच गाण्यांची गिटार हीरो या गेममधली आवृत्ती ऐकायला मोकळी निघाली आणि चाहत्यांनी तक्रारींची सही-मोहीम काढली. तिथे अडचण 16 बिटांची नव्हतीच. रशचा ‘व्हेपर ट्रेल्स’, 2002: यावरही आवाज दाबल्याची टीका झाली, आणि 2013 साली पूर्ण अल्बम नव्याने मिक्स करून काढला. असा अल्बम पुन्हा विकत घ्यायला मी बिनधास्त सांगेन. लेड झेपेलिनचे अल्बम 2014-15 मध्ये बँडचाच गिटारवादक जिमी पेज याच्या देखरेखीखाली नव्याने मास्टर झाले आणि 24 बिट, 96 किलोहर्ट्झमध्येही निघाले. जुन्या सीडीशी तुलना करून ठरवावं असं हे प्रकरण, कारण मूळ टेप ॲनलॉग आहे आणि काम मन लावून केलेलं आहे. डायर स्ट्रेट्सचा ‘ब्रदर्स इन आर्म्स’, 1985, मात्र 16 बिटांच्या डिजिटल टेपवर मुद्रित झाला. त्याची 24 बिट, 192 ची फाइल घेऊन वरचे आठ बिट कुठून येणार? मास्टरिंग आवडलं म्हणून घ्या, आकड्यासाठी नको. आणि बीटल्सचा 2009 चा सफरचंदाच्या आकाराचा यूएसबी संच आठवतोय का? त्यातल्या अधिकृत उच्च दर्जाच्या फाइली 24 बिट पण 44.1 किलोहर्ट्झच्याच होत्या.

सीडीच्या पाठीमागे AAD, ADD किंवा DDD (‘एएडी’, ‘एडीडी’ किंवा ‘डीडीडी’) अशी तीन अक्षरं छापलेली असतील तर ती वाचा. पहिलं अक्षर ध्वनिमुद्रणाचं, दुसरं मिक्सिंगचं, तिसरं मास्टरिंगचं. ‘ए’ म्हणजे ॲनलॉग, ‘डी’ म्हणजे डिजिटल. ऐंशी-नव्वदीतल्या डिस्कवर ‘डीडीडी’ दिसलं तर मूळ ऐवज बहुधा 16 बिटांचाच आहे, त्याच्या हाय-रेझवर पैसे घालू नका. पहिली दोन अक्षरं ‘एए’ असतील तर मूळ टेपपर्यंत परत जाऊन नवं मास्टर काढायला निदान वाव आहे.

म्हणून क्रम असा: आधी सगळ्या सीड्या रिप करायच्या, मग ऐकायचं, मग निवडक खरेदी. आता रिप करण्याचं काम तपशिलात, कारण चुका इथेच होतात.

खोकी आज संध्याकाळी माळ्यावरून खाली उतरवा. डिस्कचं पॉलिकार्बोनेट भुसावळच्या उन्हाला वितळत नाही, पण वरचं लॅकर, लेबलची शाई आणि पातळ प्लास्टिकच्या पाकिटांना उष्णतेचा त्रास होतो. पाकीट लेबलला चिकटलं असेल तर ओढून काढू नका. डिस्क रात्रभर खोलीत थंड होऊ द्या आणि पाकीट कडेने कापून हळूहळू सोडवा. कारण सीडीची नाजूक बाजू छापील बाजू आहे. जाडी 1.2 मिलिमीटर, पण माहितीचा ॲल्युमिनियमचा थर छापील बाजूच्या लॅकरखाली अगदी लगेच असतो. खालच्या चकचकीत बाजूवरचा ओरखडा लेझर बऱ्याचदा निभावून नेतो. छापील बाजूला खरवड गेली की माहितीच गेली. डिस्क ट्यूबलाइटसमोर धरा. टाचणीच्या टोकाएवढे प्रकाशाचे ठिपके दिसले तर तिथला थर उडालाय.

डिस्कचा रंगही बघा. कडेकडून तपकिरी, काशासारखी झाक आली असेल आणि ती इंग्लंडमध्ये, ब्लॅकबर्नच्या पीडीओ कारखान्यात 1988 ते 1993 दरम्यान बनलेली असेल, तर ती प्रसिद्ध खोट आहे. पुस्तिकेच्या कागदातल्या गंधकाने त्या लॅकरमधून आत शिरून धातू खाल्ला. अशा डिस्क सगळ्यांत आधी रिप करा, त्या दुरुस्त होत नाहीत. खालची बाजू हिरवट किंवा निळसर असेल तर ती कारखान्यात छापलेली सीडी नाही, कुणीतरी बर्न केलेली आहे. तीही पहिल्या रांगेत, कारण तिच्यातला रंगद्रव्याचा थर उष्णतेने लवकर मरतो.

धूळ पुसताना कापड मधून कडेकडे सरळ रेषेत न्या, गोल फिरवू नका. गोल ओरखडा माहितीच्या ओळीला समांतर जातो आणि सलग मजकूर खातो, आडवा ओरखडा थोडा थोडा खातो. काळ्या मातीची धूळ बारीक पण खरखरीत असते, म्हणून कोरडं पुसण्याआधी साध्या पाण्याखाली धरा, भांड्याच्या लिक्विड साबणाचा एक थेंब पुरे, मग मायक्रोफायबर कापड. टूथपेस्टचा उपाय कुणी सांगितला तर ऐकू नका.

ड्राइव्ह कोणता? लॅपटॉपला लावायचा पातळ यूएसबी ड्राइव्ह चालतो, पण डिस्क फिरायला सुरुवात करताना तो यूएसबी 2 पोर्टच्या 500 मिलिॲम्पिअरपेक्षा जास्त मागतो. मग मध्येच बंद पडतो आणि दोष सीडीला लागतो. लॅपटॉपच्या पोर्टात थेट लावा, साध्या हबमध्ये नको. त्याहून बरा पर्याय म्हणजे बंद पडलेल्या डेस्कटॉपमधला साटा डीव्हीडी रायटर. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात असे पडलेले असतात. त्याला साटा-यूएसबी ॲडॉप्टर लागतो, पण 12 व्होल्टचा वेगळा पुरवठा असलेलाच घ्या, नुसत्या यूएसबीवर तो फिरणार नाही. खराब डिस्क वाचण्यात हे जुने जाडजूड ड्राइव्ह पातळ ड्राइव्हपेक्षा बहुधा सरस ठरतात. दोन वेगळ्या कंपन्यांचे ड्राइव्ह हाताशी ठेवा. एकाला न वाचलेली डिस्क दुसरा पुष्कळदा वाचतो.

रिप करायला विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, म्हणजे ईएसी, हा प्रोग्राम फुकट आहे. मॅकवर एक्सएलडी, लिनक्सवर व्हिपर. पैसे देऊन सोपेपणा हवा असेल तर डीबीपॉवरॲम्प. ईएसीत सिक्युअर मोड निवडा. ‘ॲक्युरेट स्ट्रीम’ चालू, ड्राइव्हची कॅश आहे हा पर्याय चालू, सीटू (वाचनातली चूक ड्राइव्हने स्वतः कळवायची सोय) बंद, कारण कितीतरी ड्राइव्ह सीटूबाबत खोटं बोलतात. मग एखादी जगभर खपलेली सीडी घाला. ॲक्युरेटरिप (जगभरच्या लोकांच्या रिपचे आकडे जमवलेली यादी) त्यावरून तुमच्या ड्राइव्हचा ऑफसेट, म्हणजे तो किती नमुने मागे-पुढे वाचतो ते, स्वतः ठरवतं. प्रत्येक डिस्क ‘टेस्ट अँड कॉपी’ने काढा. ती दोनदा वाचली जाते आणि दोन्ही वेळचे सीआरसी (मजकुरावरून काढलेले पडताळणीचे आकडे) जुळले तरच खरं. लॉग फाइल (रिपचा अहवाल) अल्बमच्या फोल्डरमध्येच ठेवा.

इथे एक जागा अशी आहे जिथे आपल्याकडचे लोक घाबरतात. नव्वदीत भारतात छापलेल्या कित्येक सीड्या परदेशी आवृत्तीपेक्षा वेगळ्या छपाईच्या आहेत, आणि ॲक्युरेटरिप म्हणतं की डिस्क आमच्या यादीत नाही. ही चूक नव्हे. जगात दुसऱ्या कुणी ती रिप करून कळवलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. दोन्ही सीआरसी जुळत असतील, आणि जमल्यास दुसऱ्या ड्राइव्हवरही तेच येत असतील, तर प्रत बरोबर समजा. यादीत डिस्क आहे पण आकडा जुळत नाही, तेव्हा मात्र काळजी करा. अशा वेळी क्यूटूल्स हा प्रोग्राम वापरून बघा. त्याच्या डेटाबेसमध्ये दुरुस्तीपुरती जादा माहिती साठवलेली असते, आणि थोडेच नमुने बिघडले असतील तर ते पूर्ववत भरून निघतात.

अडखळणारी डिस्क असेल तर कुठलं गाणं अडतंय ते बघा. सीडी आतून बाहेर वाचली जाते, म्हणून कडेला झालेली इजा शेवटच्या गाण्यांत दिसते. वेग 4 किंवा 8 पटींवर आणून पुन्हा वाचा. एका डिस्कवर तासभर घालवूनही दोन गाणी निघत नसतील तर सोडा आणि तो अल्बम खरेदीच्या यादीत टाका. दहा-बारांपैकी तीन-चार अशा उरतील असं धरून चाला.

साठवायचं फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजातलं काहीही न गमावता फाइल लहान करणाऱ्या प्रकारात. लेव्हल 5 किंवा 8, आवाजात फरक शून्य, फाइलीच्या आकारात किंचित. एक अल्बम सरासरी 350 एमबी धरला तर 180 अल्बम 63 जीबीत बसतात. तेच 24 बिट, 96 किलोहर्ट्झमध्ये दोनशे जीबीच्या वर जातील. वेळ डिस्कमागे 12 मिनिटं धरली तरी एकूण 36 तास होतात. रोज रात्री जेवणानंतर पाच डिस्क काढल्या तर सव्वा महिन्यात काम संपतं. टॅग आपोआप येतात, पण भारतीय आवृत्त्यांची नावं तपासून घ्या. लाइव्ह अल्बममध्ये एक गाणं दुसऱ्यात सलग मिसळतं, म्हणून क्यू शीटही (गाण्यांचा क्रम आणि जागा नोंदलेली छोटी फाइल) ठेवा.

प्रती दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, आणि त्यातली एक घराबाहेर, पुण्याच्या बहिणीकडे किंवा जळगावच्या मित्राकडे. उन्हाळ्यात व्होल्टेज वरखाली होतं आणि वीज जाते-येते, तेव्हा कॉपी चालू असताना लॅपटॉप बॅटरीवर असू द्या आणि काम झाल्यावर हार्ड डिस्क काढून ठेवा. फ्लॅक फाइलीत मूळ आवाजाचा एमडी5 (आणखी एक पडताळणीचा आकडा) नोंदलेला असतो, वर्षातून एकदा ‘फ्लॅक टेस्ट’ चालवली की कुठली फाइल कुजली ते कळतं. सीड्या परत माळ्यावर नकोत. कपाटात, उभ्या, आणि कूलरच्या झोतापासून लांब, कारण त्या ओलाव्याने आतल्या पुस्तिकांना बुरशी येते.

सीड्या देऊन टाकायच्या म्हणालात, त्याला माझा विरोध आहे. स्वतःच्या सीडीची खासगी वापरासाठी प्रत काढण्याला कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मधल्या खासगी वापराच्या सवलतीचा आधार आहे. सीडी विकून प्रत ठेवली की तो आधार लंगडा पडतो.

आता खरेदी. यादी तयार करताना मी एवढंच बघतो: डिस्क मेली आहे का, किंवा नवं मास्टर जुन्यापेक्षा खरंच मोकळं आहे का. दुसरं तपासायला फूबार2000 या प्लेअर-प्रोग्राममध्ये डायनॅमिक रेंज, म्हणजे आवाजाचे चढउतार, मोजायचा जोड-प्रोग्राम घाला. तुमच्या रिपचा आकडा 12 आणि नव्या आवृत्तीचा 7 असेल तर खरेदी करू नका. उलट असेल तर करा. लोकांनी मोजलेल्या आकड्यांची डायनॅमिक रेंज डेटाबेस म्हणून यादी आहे, पण विनाइलचे (तबकड्यांचे) आकडे त्यात फुगलेले दिसतात, त्यांच्याशी तुलना करू नका. कानाने ठरवायचं तर दोन्ही आवृत्त्या रीप्लेगेन या सोयीने आवाजाच्या एकाच पातळीवर आणा. नाहीतर जी मोठ्याने वाजते तीच चांगली वाटते, सगळ्यांनाच. मग फूबारच्याच एबीएक्स साधनाने, कुठली आवृत्ती वाजतेय हे न बघता, सोळा वेळा ओळखा. बारापेक्षा कमी बरोबर आले तर पैसे खिशात ठेवा.

विकत घेण्याआधी नवं मास्टर ऐकायचा स्वस्त मार्ग म्हणजे एक महिन्याचं ॲपल म्युझिक. 2021 पासून त्यात लॉसलेस (काटछाट न केलेलं) आणि हाय-रेझ जादा पैसे न घेता मिळतं. फाइली विकणाऱ्या दुकानांपैकी काहींचं दार भारतातल्या ग्राहकाला बंद असतं, तेव्हा खातं उघडण्याआधी देशांची यादी वाचा. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहारही चालू करावे लागतील. बँडकॅम्पवर छोट्या लेबलांचं रॉक मिळतं. 96 आणि 192 अशा दोन किमती दिसल्या तर 96 चीच घ्या.

फाइल उतरवल्यावर लगेच स्पेक नावाच्या, आवाजातल्या कंपनसंख्यांचं चित्र काढणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडा. 96 ची फाइल आणि 22 किलोहर्ट्झवर रेघ मारल्यासारखा आवाज कापलेला दिसला, तर ती 44.1 वरून ताणलेली असण्याची दाट शंका घ्या आणि परताव्याची मुदत आहे तोवर दुकानाला चित्रासकट लिहा. ॲनलॉग टेपवरून आलेल्या खऱ्या फाइलीत वरचा आवाज हळूहळू विरत जातो. हीच तपासणी त्या हिरवट डिस्कच्या रिपवरही करा. 16 किलोहर्ट्झवर कापलेलं असेल तर ती बहुधा 128 केबीपीएसच्या एमपी3 वरून बनवलेली सीडी आहे. ती तुमची सीडी नव्हतीच असं समजून खरेदीच्या यादीत टाका.

ऐकणार ब्लूटूथवर असाल तर हाय-रेझचा विचार सोडून द्या. एलडॅक हा ब्लूटूथचा वरच्या दर्जाचा प्रकारसुद्धा कमाल 990 केबीपीएसवर आणि काटछाट करूनच पाठवतं. वायरने ऐकणार असाल तर बरेच अँड्रॉइड फोन सगळं 48 किलोहर्ट्झवर आणून सोडतात, ते टाळणारं ॲप लागतं. पंधरा अल्बमच्या पलीकडे बजेट उरलं तर ते स्पीकरमध्ये घाला.

न निघणाऱ्या डिस्कबद्दल मदत हवी असेल तर ईएसीचा पूर्ण लॉग आणि डिस्कच्या खालच्या बाजूला, मधल्या भोकाभोवती कोरलेला क्रमांक इथे टाका. तो क्रमांक तिरप्या उजेडात मोबाइलच्या कॅमेऱ्याने वाचता येतो. त्यावरून छपाई कुठली ते ओळखता येईल, आणि तोच अल्बम दुसऱ्या कुणाच्या रिपशी जुळतो का तेही बघता येईल.